टाकीवरची तबकडी

माझी रजा संपायला आठवडा उरला होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांना उडती तबकडी दिसली.

चहाची वेळ होती. बाबांनी बिस्किट चहात बुडवलं, ते कपात गळून पडायच्या आत अलगद तोंडात टाकलं, आणि नळाला आज पाणी बारीक होतं असं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "आज उन्हं उतरताना तबकडी आली होती."

"कसली तबकडी?" मी विचारलं.

"उडती."

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून शांतपणे बोलत राहणं हा त्याच्या कामाचाच भाग, आणि ती सवय त्याला घरीही आहे. "कुठे आली होती?" त्याने विचारलं.

"समोरच्या इमारतीच्या टाकीवर. चांदीसारखी लखलखीत, कडेला सगळे रंग, मधोमध गोल दार. जरा डुलली, एक गिरकी घेतली, थांबली, आणि एकदम नाहीशी झाली."

"बरं," नवरा म्हणाला. "आणखी चहा घेणार?"

मी मात्र बाबांकडे बघतच राहिले. सोमवारपासून मी कामावर जाणार होते आणि आमची आठ महिन्यांची ठकू दिवसभर याच माणसाच्या हवाली असणार होती.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळेतले गटफोटो, लग्नं. आख्ख्या वस्तीला कधी ना कधी त्यांनी 'हनुवटी जरा खाली' असं सांगितलेलं आहे, आणि इमारतीत अजून त्यांना फोटोवाले म्हणूनच हाक मारतात. सासूबाई गेल्या, पाठोपाठ स्टुडिओ बंद झाला. आता बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. शेजारी फळीवर कॅमेरा असतो. त्याच्यावर रोज फडकं फिरतं, फोटो मात्र निघत नाही. ठकूला मी सांभाळतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. म्हणजे माझ्या मानाने हायसं.

माझ्या मानाने म्हणते, कारण मी काळजी करते. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे. काचेसारख्या नितळ दिसणाऱ्या पाण्यात काय काय पोहतंय ते शोधायचं, याचाच पगार मिळतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणायची मला बंदी आहे. ठकू झाल्यापासून ही नोकरी मी घरीही करू लागले. खिडकी सताड उघडी ठेवली तर वारा लागेल, बंद ठेवली तर कोंदट होईल, म्हणून बाहेर उघडणारी ती काच मी बरोबर अर्ध्यावर, मधल्या आकड्यात अडकवून ठेवते. कबुतरांच्या पिसांनी छातीचे आजार होतात असं वाचल्यावर माळ्यावरचं जुन्या सीडींचं खोकं काढलं आणि बाल्कनीत दोऱ्यांना सीड्या टांगल्या. त्या उन्हात चमकतात आणि कबुतरं बिचकतात. आणि ठकूने झोपायचं ते पाळण्यातच, पाठीवरच. खांद्यावर घेऊन कुणीही झोपवायचं नाही, सवय लागते, शिवाय झोपवणाऱ्याला डुलकी लागली तर काय, हा नियम मी बाबांना इतक्या वेळा ऐकवला होता की शेवटी शेवटी ते माझ्याबरोबर ओठ हलवायचे.

रजेच्या शेवटी रंगीत तालीम म्हणून मी रोज दुपारनंतर तासभर ठकूला त्यांच्याकडे सोडून बाहेर पडत होते. बाहेर म्हणजे फाटकापर्यंत. तिथे उभी राहून मी वर आमच्या खिडकीकडे बघत राहायचे. तबकडी त्याच तासात आली होती. मी तिथेच होते. मला काही दिसलं नव्हतं.

"म्हातारपणात होतं असं," मी स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच म्हणाले. "आधी नसलेलं दिसतं. मग असलेलं विसरतं."

"अगं, तबकडी दिसली ना? ठकू तर दिसते ना त्यांना?"

"आणि उद्या परत आली तर? हे कॅमेरा घेऊन गच्चीवर धावतील, आणि ती पाळण्यात एकटी. कठडा धरून उभी राहायला लागलीये ती."

"धावतील असं तुला का वाटतं?"

"तू नसतास धावला?"

तो विचारात पडला. तो धावला असता.

मग मी बारीक लक्ष ठेवायला सुरुवात केली. शोधायला लागलं की सापडतंच. बाबांच्या शर्टांवर डाव्या खांद्याला पांढुरके डाग होते, आणि तेही एका शर्टावर नाही, झाडून सगळ्या. जेवताना माणसाच्या छातीवर सांडतं, मांडीवर सांडतं. खांद्यावर सांडायचं म्हणजे घास किती चुकायला हवा? ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली आणि नवऱ्याला सांगितली नाही, कारण त्याने त्यावरही 'बरं' म्हटलं असतं.

"बाबा, आज वार कोणता?" दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडता निवडता विचारलं.

"बुधवार. का गं?"

"सहज. आणि ठकूचं तापाचं औषध कुठे असतं?"

"ते तू रोज हलवतेस. आज कुठे ठेवलंयस?"

यात चूक कुणाची धरायची ते मला ठरवता येईना. म्हणून मी एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं. "यावर एक घड्याळ काढता का? ठकूला दाखवायला."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खालच्या वकिलांच्या सासूबाईंची स्मरणशक्ती तपासताना डॉक्टरांनीही असंच घड्याळ काढायला लावलं होतं," ते म्हणाले. "त्यानंतर त्यांना कुणी घरी एकटं ठेवलं नाही." मग त्यांनी पेन उचललं आणि घड्याळ काढलं. आकडे सगळे जागच्या जागी, दहा वाजून दहा मिनिटं, वर डावीकडून उजेड पडलाय असं दाखवणारी सावली. "जाहिरातीत हीच वेळ असते," कागद माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "घड्याळ हसल्यासारखं दिसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तबकडीचं काय, हा प्रश्न होता तिथेच होता.

बातमी इमारतीत फुटली ती शेजारच्या काकूंमुळे. काकू आमच्या भिंतीला लागून राहतात आणि भिंत पातळ आहे. संध्याकाळी गच्चीवर माणसं जमू लागली. कुणी चटई आणली, कुणी शेंगदाणे. बाबांना मधोमध बसवलं. सासूबाई गेल्यापासून या गच्चीवर त्यांना 'काय, बरं आहे ना' याच्या पलीकडे कुणी काही विचारलेलं मला आठवत नव्हतं. आता विचारणाऱ्यांना दम निघत नव्हता. केवढी होती, आवाज होता का, दार आतून उघडत असेल की बाहेरून. बाबा सगळ्यांना एकच उत्तर देत, जेवढं पाहिलं तेवढंच. एक शब्द जास्त नाही. तिखटमीठ लावायचं काम बाकीचे करत होते.

"मलाही दिसली होती," काकू म्हणाल्या. "फक्त मी पाठमोरी होते."

"मग दिसली कशी?" मी विचारलं.

"पाठीला जाणवतं गं. तू अजून लहान आहेस." मग टाकीकडे बघत त्या म्हणाल्या, "येऊ देत की बिचारे. एवढ्या लांबून कुणीतरी चौकशी करायला येतंय. आमचा मुलगा दोन स्टेशनं पलीकडे राहतो, त्याला रस्ता सापडत नाही."

मी शेंगदाणे पुढे केले.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे वकील वर आले, गळ्यात दुर्बीण अडकवून. "माझा यावर काडीइतका विश्वास नाही," त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं.

"मग दुर्बीण कशाला?" काकूंनी विचारलं.

"खोटं पाडायचं तर नीट दिसायला नको?" असं म्हणून त्यांनी सगळ्यात चांगली जागा पकडली, दुर्बीण टाकीवर नीट लावून घेतली आणि मग बाबांकडे वळले. "फोटोवाले, तबकडी आली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"खुर्चीत. खिडकीजवळ."

"कॅमेरा?"

"फळीवर. शेजारीच."

"हात पुरतो?"

"उठलं तर पुरतो."

"मग उठला का नाहीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग हातातल्या शेंगदाण्याकडे. "राहिलं," ते म्हणाले.

"राहिलं? जन्मभर लोकांचे फोटो काढलेत. माझ्या पासपोर्टासाठी माझा कान दिसत नाही म्हणून मला तीनदा बोलावलंत. आणि परग्रहावरचं गिऱ्हाईक दारात आलं, तेव्हा राहिलं?"

सगळे हसले. बाबाही हसले, पण उशिरा. मी हसले नाही. मी प्रयोगशाळेत रोज पाहते, नमुना खराब असेल तर तो अशाच एका जागी पकडला जातो. सगळं जुळतं, एक गोष्ट जुळत नाही. का उठला नाहीत, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. म्हणजे एकतर तबकडी नव्हती, नाहीतर त्या वेळी बाबाच ठिकाणावर नव्हते. आणि दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी पाळण्यात ठकू होती.

शनिवारी मी पाळणाघर बघून आले. पाळणाघरवाल्या बाई चांगल्या होत्या, खोली स्वच्छ होती. एक मूल शिंकलं. तरी मी जागा धरून ठेवायला सांगितली.

"तुझं काय आहे माहितीये?" नवरा म्हणाला. तो सहसा चिडत नाही, त्या दिवशी चिडायच्या बेतात होता. "बाबांना आयुष्यात एकदा एक तबकडी दिसली. तुला रोज दिसतात. परवा फ्रिजचा आवाज बदलला म्हणून तू सगळ्यांना जिन्यात उभं केलंस. ठकूच्या टाचेवर निळा डाग दिसला म्हणून डॉक्टरकडे नेलीस, ती शाई निघाली. तू कधी फोटो दाखवलायस आम्हाला? आम्ही आपले जिन्यात उभे राहतो."

"मी आई आहे," मी म्हणाले.

"आणि ते आजोबा आहेत."

रविवारी दुपारी मीच बाबांना सांगितलं. शब्द चांगले निवडले होते: तुमची दगदग नको, तुम्हालाही आराम हवा, थोडे दिवस बघू. बाबा ठकूच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी हातातली घडी पुरी केली, कडा जुळवल्या, वरून हात फिरवला. "बरं," ते म्हणाले. बापलेकांची ही एकच सवय सारखी आहे. पुढच्या दुपट्याची घडी घालायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

संध्याकाळ व्हायच्या आधीच वकिलांची हाक आली. रविवार म्हणून गच्चीवर लवकर बैठक होती. बाबा जाईनात, नवऱ्याने त्यांना हाताला धरून नेलं. तेवढंच मन रमेल म्हणून. घरात मी आणि ठकू.

ठकूने भोकाड पसरलं.

पाळण्यात ठेवली तर रडे. पाठीवर थोपटलं तर जास्त रडे. खुळखुळा दाखवला, तो तिने माझ्या नाकावर मारला. शेवटी, घरात कुणी नाही हे दोनदा बघून, मी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि बाबांच्या खुर्चीत बसले. आधी उजव्या खांद्यावर घेतलं होतं, तर ती सरपटत, रडत, स्वतःच डाव्या खांद्यावर गेली. तिथे पोचल्यावर तिने डोकं माझ्या मानेच्या खोबणीत रोवलं, एका मुठीत माझी कॉलर धरली, एक मोठा उसासा टाकला, आणि झोपली. नवशिक्या मुलाचं काम नव्हतं ते. खुर्ची, खांदा, खोबण, कॉलर, सगळं पाठ होतं तिला. माझ्या खांद्यावर कोमट दुधाची एक धार आली आणि पसरली.

मी मान खाली करून बघू शकत नव्हते, कारण मानेत ठकू होती. पण डाग कुठे पडला असेल आणि वाळल्यावर कसा दिसेल, ते मला न बघता कळत होतं. पांढुरका.

मी तशीच बसून राहिले. डावीकडे मान वळवायची सोय नव्हती. समोर अर्धी उघडी खिडकी, काचेपलीकडे आकाश, आकाशात समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. उन्हं उतरत होती. वाऱ्याची एक झुळूक आली.

आणि टाकीवर तबकडी आली.

मी विज्ञानाची पदवीधर आहे हे मी आधी सांगायला हवं होतं. त्याचा त्या क्षणी काहीही उपयोग झाला नाही. चांदीसारखी लखलखीत, कडेला सगळे रंग, मधोमध गोल दार, बाबांनी सांगितलं होतं त्यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ती हवेत तरंगत होती. कशालाही टेकलेली नव्हती. भीती वाटायच्या आधी मला काय वाटलं असेल, तर हे आता कुणाला तरी सांगायला पाहिजे. गच्चीवर सगळी माणसं टाकीकडे तोंड करून बसली होती आणि त्यांच्यातून कुणीच ओरडत नव्हतं. म्हणजे ती फक्त मला दिसत होती. एवढ्या सगळ्यांतून मला. यात आनंद होण्यासारखं काही नव्हतं, पण झाला, हे खरं.

फोन समोर टेबलावर होता. उठलं असतं तर हात पुरला असता.

मी उठले नाही. उठायचा विचार आला, ठकूची मूठ कॉलरवर जराशी आवळली, आणि विचार गेला. आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा. तबकडीचं काय, असेल तर असेल.

मग माझ्या लक्षात आलं की मी कुठे बसले आहे.

तबकडीने गिरकी घेतली आणि तिची दुसरी बाजू समोर आली. त्या बाजूवर काहीतरी लिहिलेलं होतं, जाड काळ्या शाईने, उलटं, आरशात दिसतं तसं. परग्रहावरची लिपी असणार असं मला निम्मा क्षण वाटलं. उरलेल्या निम्म्यात मी ती वाचली. 'लग्न, भाग दुसरा'. अक्षर बाबांचं होतं. आमच्या लग्नाच्या सीड्या त्यांनीच स्टुडिओत करून वाटल्या होत्या, आणि उरलेल्या माळ्यावरच्या खोक्यात पडून होत्या. बाल्कनी माझ्या डाव्या हाताला. खिडकीची काच मी अर्ध्यावर अडकवलेली. कबुतरांसाठी मी टांगलेलं माझं लग्न काचेत उमटून टाकीवर तरंगत होतं. नुसती मान डावीकडे वळवली असती तरी उलगडा झाला असता. पण डावीकडे ठकू होती.

झुळूक थांबली. तबकडी नाहीशी झाली.

दार वाजलं ते हलकेच. बाबा एकटेच परत आले होते. मला त्यांच्या खुर्चीत, ठकूला माझ्या खांद्यावर बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"दिसली," मी कुजबुजले.

त्यांना काय ते विचारावं लागलं नाही. चप्पल काढून ते चवड्यांवर चालत जवळ आले. "फोटो?"

"कसा काढणार? उठले असते तर..."

"जागी झाली असती," बाबा म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

आम्ही दोघांनी एकमेकांच्या खांद्यांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टावर जुना डाग, माझ्या कुडत्यावर ओला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "रोज. पाळण्यात लागतच नाही गं तिला झोप. पण मी डुलकी काढत नाही हं. जागा असतो. जागा होतो म्हणून तर तबकडी दिसली."

"मग गच्चीवर वकिलांना का नाही सांगितलंत? मूल खांद्यावर होतं म्हणून उठलो नाही, एवढंच तर होतं."

"तू बसली होतीस ना समोर," बाबा म्हणाले.

सगळ्या वस्तीसमोर वेड्यात निघाले, पण माझा नियम मोडला हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि मी या माणसाकडून घड्याळ काढून घेतलं होतं. परग्रहावरचे पाहुणे खिडकीत आले, तेव्हा नात जागी होईल म्हणून जो जागचा हलला नाही, तो तबकडीमागे धावेल म्हणून मी पाळणाघर बघून आले होते.

"बाबा, पाळणाघरात मी नाही म्हणून कळवते," मी म्हणाले. "फक्त बसताना पाठीला ती कडक उशी घ्या. टेकून बसलात की डुलकी लागते. आणि पायाखाली स्टूल. आणि..."

"कळलं," ते म्हणाले. "दे इकडे. तुझी मान अवघडली असेल."

मी उठले, ते बसले, आणि ठकू एका खांद्यावरून दुसऱ्यावर अशी गेली की तिच्या पापणीलाही पत्ता लागला नाही. डोकं खोबणीत, मूठ कॉलरवर. मग मला वाटलं की त्यांना खरं काय ते सांगून टाकावं. माणसाने उगाच लोकांची बोलणी का खावीत? मी बाल्कनीच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. सीड्या माझ्या डोक्यावर दोऱ्यांना लोंबत होत्या.

"बाबा," मी हळूच म्हणाले, "जरा मान वळवून इकडे बघता? डावीकडे. तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे."

"आत्ता नको," बाबा कुजबुजले. त्यांचे डोळे टाकीवर होते. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

सोमवारी मी कामावर गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. बराच वेळ वाजून गेल्यावर काकूंनी उचलला. त्या म्हणाल्या, वकील दुर्बीण घेऊन तुमच्याच घरात येऊन बसलेत, मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला आलेय, आणि सगळं ठीक आहे.

"बाबांना द्या ना जरा."

"ते उठत नाहीयेत," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

आठवडाभरापूर्वी हे वाक्य ऐकून मी रिक्षा केली असती. आता डबा उघडला.